सेवेचे वर्णन : यंत्रांनी वाचावयाचा करारनामा

एका ग्रंथालयातील संगणकास दुसऱ्या गावच्या ग्रंथालयातील संगणकाकडून काही माहिती हवी असेल, तर ती त्याने मागावी कशी? प्रश्न दिसावयास लहान आहे. दोन ग्रंथपालांमध्ये हा व्यवहार असता तर एकाने पत्र लिहिले असते, दुसऱ्याने त्यातील एखादा शब्द चुकला असला तरी आशय ताडून घेतला असता, आणि शंका राहिलीच तर उलट टपाली विचारणा केली असती. यंत्रापाशी अशी ताडून पाहण्याची वृत्ती नसते. ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या नावांनी, ठरलेल्या पत्त्यावर मागणी आली तरच ते उत्तर देते. नाही तर ते मागणी परत पाठविते, किंवा त्याहून वाईट म्हणजे भलतेच उत्तर देते. म्हणून व्यवहार सुरू होण्यापूर्वी काय मागता येईल, कसे मागावयाचे, कोठे मागावयाचे आणि उत्तर कोणत्या रूपात मिळेल, हे सर्व कोठेतरी लिहून ठेवणे प्राप्त होते. ह्या लेखी मजकुरास सेवेचे वर्णन असे म्हणतात.

हे वर्णन म्हणजे केवळ तंत्रज्ञांच्या सोयीचा कागद आहे, अशी समजूत रूढ आहे. प्रस्तुत लेखकास ती मान्य नाही. सेवेचे वर्णन हा एक करारनामा आहे. आणि ज्या संस्था लोकांच्या पैशाने व लोकांसाठी सेवा चालवितात, त्यांनी तो आधी लिहावा, सर्वांपुढे उघडा ठेवावा आणि त्यास बांधलेले राहावे, असे ह्या लेखाचे प्रतिपादन आहे. ते पटण्यासाठी प्रथम हा करारनामा कसा लिहिला जातो ते पाहिले पाहिजे.

अशा वर्णनासाठी गेल्या पंचवीस वर्षांत जी लेखनपद्धती सर्वांत काटेकोरपणे उपयोगात आली, ती एक्सएमएल होय. तिचे मूळ छापखान्याच्या कामाशी जोडलेले आहे. हस्तलिखितावर संपादक जशा खुणा करतो, की हे शीर्षक, हा परिच्छेद, ही तळटीप, तशाच खुणा संगणकास कळतील अशा रीतीने मजकुरातच घालाव्यात, ही कल्पना १९६९ साली आयबीएम ह्या कंपनीत चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर व रेमंड लोरी ह्या तिघांनी आकारास आणली. तिचे विस्तृत रूप १९८६ साली एसजीएमएल ह्या नावाने आंतरराष्ट्रीय मानक झाले. त्यातील अवघड भाग गाळून वेबवर वापरण्याजोगे सुटसुटीत रूप सिद्ध झाले ते एक्सएमएल. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम ह्या संस्थेने १० फेब्रुवारी १९९८ रोजी त्यास आपली संमती दिली.

एक्सएमएलचा नियम समजावयास कठीण नाही. प्रत्येक मजकुराच्या आरंभी कोनी कंसात एक खूण लिहावयाची आणि शेवटी तीच खूण तिरकी रेघ देऊन पुन्हा लिहावयाची. डब्यात डबा ठेवावा त्याप्रमाणे एका खुणेच्या पोटात दुसरी खूण पूर्णपणे सामावली पाहिजे. आतला डबा अर्धा बाहेर राहिलेला चालत नाही. खुणांची नावे लिहिणाराने स्वतः ठरवावयाची असतात, आणि ती देवनागरीतही लिहिता येतात. ‘शीर्षक’ वा ‘लेखक’ अशी नावे एक्सएमएलच्या नियमांत पूर्णपणे बसतात. मजकूर आणि त्याविषयीची माहिती एकाच ठिकाणी, माणसास वाचता येईल अशा साध्या अक्षरांत ठेवणे, हे ह्या पद्धतीचे बळ आहे.

आता सेवेच्या वर्णनाकडे वळू. २००१ सालच्या मार्च महिन्यात डब्ल्यूएसडीएल, म्हणजे वेब सेवांची वर्णनभाषा, हिची १.१ ही आवृत्ती वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने टिपणाच्या रूपाने प्रसिद्ध केली. तिच्यामागे अरिबा, आयबीएम व मायक्रोसॉफ्ट ह्या कंपन्या होत्या. पुढे २६ जून २००७ रोजी हिची २.० ही आवृत्ती त्या संस्थेची रीतसर शिफारस म्हणून मान्य झाली. तथापि प्रत्यक्ष वापरात पहिलीच अधिक रुळलेली असल्याने येथे तिच्याच रचनेचा विचार करू.

समजा, एका ग्रंथालयाने ‘अमुक पुस्तक उपलब्ध आहे काय?’ ह्या प्रश्नाचे उत्तर देणारी सेवा सुरू केली. तिच्या वर्णनाचे दोन भाग पडतात. पहिला भाग ‘काय’ हे सांगतो. त्यात प्रथम ‘टाइप्स’ ह्या खुणेखाली माहितीचे प्रकार येतात : पुस्तकाचा क्रमांक कसा असावा, प्रतींची संख्या कशी दर्शवावी, तारीख कोणत्या क्रमाने लिहावी. नंतर ‘मेसेज’ ह्या खुणेखाली निरोप येतात : मागणीचा निरोप एक, उत्तराचा निरोप दुसरा. त्यानंतर ‘पोर्टटाइप’ ह्या खुणेखाली क्रिया येतात. कोणता निरोप आत यावयाचा व कोणता बाहेर जावयाचा ते येथे ठरते. दुसरा भाग ‘कसे’ आणि ‘कोठे’ हे सांगतो. ‘बाइंडिंग’ ह्या खुणेखाली निरोप कोणत्या लिफाफ्यात घालून कोणत्या मार्गाने धाडावयाचा ते लिहिलेले असते. हा लिफाफा पुष्कळदा सोप नावाच्या पद्धतीचा असतो व त्यास शिरोभाग आणि मुख्य भाग असे दोन कप्पे असतात. शेवटी ‘सर्व्हिस’ ह्या खुणेखाली पत्ता दिलेला असतो.

ह्या विभागणीतील शहाणपण ध्यानात घेण्यासारखे आहे. ग्रंथालयाने उद्या आपला संगणक बदलला तर पत्ता बदलेल. परंतु क्रिया व निरोप तेच राहतील. व्यवहाराचा आशय आणि त्याचे वाहन ही वेगळी मांडल्यामुळे एकात बदल झाला तरी दुसऱ्यास धक्का लागत नाही. शिवाय हे वर्णन यंत्रास वाचता येते, म्हणून ते वाचून मागणी करणाऱ्या प्रोग्रॅमचा बराचसा भाग आपोआप तयार करणारी साधने निघाली. ज्या दोन प्रोग्रॅमरांची कधी भेट झालेली नाही, ज्यांच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषाही भिन्न आहेत, त्यांची यंत्रे एका कागदाच्या आधारे परस्परांशी बोलू लागली. ही सिद्धी लहान नव्हे.

वर्णनातील एकेका शब्दाचे मोल किती, हे पुस्तकांच्या आयएसबीएन क्रमांकावरून चांगले दिसून येते. हा क्रमांक पूर्वी दहा स्थानांचा असे आणि १ जानेवारी २००७ पासून तेरा अंकांचा झाला. नाव ‘क्रमांक’ असे असल्यामुळे एखाद्याने वर्णनात तो ‘पूर्णांक संख्या’ ह्या प्रकारचा म्हणून नोंदविला, तर दोन अनर्थ संभवतात. दहा स्थानांच्या पद्धतीत शेवटच्या जागी कधी कधी रोमन लिपीतील एक्स हे अक्षर येते. ते संख्येत बसत नाही, म्हणून असे पुस्तक नाकारले जाईल. दुसरे असे की, इंग्रजी प्रकाशनांच्या पुष्कळशा जुन्या क्रमांकांचा आरंभ शून्याने होतो. संख्या मानल्यास ते शून्य गळून पडेल आणि पुस्तक सापडणार नाही. तोच क्रमांक अक्षरांची माला म्हणून नोंदविला व तिची लांबी दहा किंवा तेरा अशी सांगितली, तर दोन्ही अडचणी टळतात. लांबी नुसती दहा लिहिणाऱ्या वर्णनाने मात्र २००७ नंतरची सर्व पुस्तके दाराबाहेर ठेवली असती. एका ओळीतील एका शब्दाने वाचकास पुस्तक मिळणे वा न मिळणे अवलंबून असते, ते असे.

येथवर ह्या पद्धतीचे गुण झाले. तिच्या अपेशाचाही विचार केला पाहिजे, कारण त्यातूनच आपल्या कामाचे धडे मिळतात.

पहिले अपेश जाहीर सूचीचे. सेवांची वर्णने एका सार्वजनिक सूचीत ठेवावीत, म्हणजे यंत्रे ती सूची चाळून आपणास हवी ती सेवा आपणच शोधून काढतील, अशी कल्पना २००० साली यूडीडीआय ह्या नावाने मांडण्यात आली. आयबीएम, मायक्रोसॉफ्ट व सॅप ह्या कंपन्यांनी चालविलेली ही जाहीर सूची २००६ सालच्या जानेवारीत बंद झाली. कल्पना तर्कशुद्ध होती. तिच्यात मनुष्यस्वभावास जागा नव्हती. वाण्याच्या दुकानाची पाटी वाचून कोणी महिन्याचे खाते उघडीत नाही. तो माणूस कसा आहे, माल कसा देतो, हे आधी पाहतो. सेवा कशी मागावी हे वर्णन सांगते. ती देणारा विश्वासास पात्र आहे काय, हे त्यातून कळत नाही.

दुसरा धडा अधिक खोल आहे. वर्णन माहितीचा आकार सांगते, अर्थ सांगतेच असे नाही. ह्याचे उत्तम उदाहरण नकाशांच्या सेवेत सापडते. ओपन जिओस्पेशियल कन्सॉर्शियम ह्या संस्थेने वेबवरून नकाशे पुरविण्याचे एक मानक ठरविले आहे, आणि इस्रोचे ‘भुवन’ हे संकेतस्थळही त्या मानकानुसार नकाशे देते. अशा सेवेस प्रथम ‘तुझ्यापाशी काय काय आहे?’ असे विचारता येते. उत्तरादाखल ती एक एक्सएमएल दस्तऐवज धाडते. त्यात कोणते नकाशे आहेत, पृथ्वीचा कोणता भाग ते व्यापतात, चित्र कोणत्या स्वरूपात मिळेल, हे सर्व लिहिलेले असते. सेवेने स्वतःच स्वतःचे वर्णन करावे, ही रीत सुंदरच म्हटली पाहिजे.

परंतु ह्या मानकाच्या १.१.१ ह्या आवृत्तीत नेहमीच्या अक्षांश-रेखांश पद्धतीने स्थळ सांगताना रेखांश आधी व अक्षांश नंतर असा क्रम होता, १.३.० ह्या आवृत्तीत त्याच पद्धतीसाठी अक्षांश आधी व रेखांश नंतर असा क्रम आला. दोन्हीकडे आकार एकच : स्वल्पविरामाने तोडलेल्या संख्या. नागपूर सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर व ७९ अंश पूर्व रेखांशावर आहे. जुन्या क्रमाने नव्या सेवेकडे नागपूर मागितले, तर ती ७९ अंश उत्तर व २१ अंश पूर्व हे स्थळ दाखविते. म्हणजे आपण उत्तर ध्रुवाजवळील स्वालबार्ड ह्या बर्फाळ द्वीपसमूहात जाऊन पोहोचतो. ह्यात यंत्राच्या लेखी चूक काहीच नाही, कारण ७९ हा अक्षांश संभवनीय आहे. गुवाहाटीचा रेखांश ९१ अंशांच्याही पुढे आहे आणि अक्षांश ९० च्या वर जाऊच शकत नाही. म्हणून तेथे निदान चूक ओळखण्यास आधार तरी सापडतो. भारताचा बहुतेक भूभाग ९० अंशांच्या पश्चिमेस असल्याने आपल्या वाट्यास मात्र ही अबोल चूकच अधिक येते. क्रमाविषयीचे स्पष्टीकरण मानकाच्या ग्रंथात आहे. ते वाचावयाचे असते माणसाने. आकार तपासण्याचे काम यंत्राकडे सोपविता येते. अर्थ समजावून सांगण्याचे काम भाषेलाच करावे लागते.

तिसरा दोष आळसातून जन्मलेला आहे. वर्णन वाचून प्रोग्रॅम तयार करणारी साधने निघाली, तशीच प्रोग्रॅम वाचून वर्णन तयार करणारीही निघाली. मग पुष्कळ ठिकाणी आधी प्रोग्रॅम लिहावयाचा आणि वर्णन यंत्राकडून उमटवून घ्यावयाचे, असा प्रघात पडला. ह्यात वेळ वाचतो हे खरे. परंतु प्रोग्रॅमरने आपल्या सोयीसाठी एखादे नाव बदलले की वर्णनही बदलते, आणि ज्यांनी जुन्या वर्णनावर विसंबून आपली कामे उभारली त्यांची सेवा एका रात्रीत तुटते. घर बांधून झाल्यावर काढलेला नकाशा हा घराचे चित्र असतो, आराखडा नसतो. करारनाम्याचे मोल तो आधी झाल्यात आहे. दोन्ही बाजूंनी वाचून, घासून पुसून, मग त्याबरहुकूम काम व्हावे. कामाबरोबर जो आपोआप बदलत जातो, त्या कागदास करार म्हणणे हा शब्दाचा दुरुपयोग होय.

यावर कोणी म्हणेल, ही सर्व चर्चा शिळी झाली. सोप व डब्ल्यूएसडीएल ह्यांचा बडेजाव फार. आता जेसन ह्या आटोपशीर लेखनपद्धतीत निरोप धाडतात, आणि रॉय फील्डिंग ह्यांनी २००० साली आपल्या प्रबंधात मांडलेल्या रेस्ट ह्या विचारसरणीचे नाव घेऊन साध्या सेवा उभारतात. आक्षेपात तथ्य आहे. एक्सएमएलमध्ये प्रत्येक खूण दोनदा लिहावी लागते, निरोपापेक्षा लिफाफा जड होतो, आणि डब्ल्यूएसडीएलचा दस्तऐवज माणसाने सहज वाचावा असा राहत नाही. परंतु पुढे काय झाले तेही पाहावे. आटोपशीर पद्धतीने लिहिलेल्या सेवांची संख्या वाढताच त्यांचेही यंत्रास वाचता येईल असे वर्णन हवे, ही गरज पुन्हा उभी राहिली. त्यासाठी स्वॅगर नावाची पद्धती निघाली. २०१५ साली ती लिनक्स फाउंडेशनच्या आश्रयाखाली गेली आणि ओपनएपीआय ह्या नावाने आज सर्वत्र वापरली जाते. तिच्यातही क्रिया आहेत, निरोपांचे प्रकार आहेत, पत्ता आहे. खुणा बदलल्या, प्रश्न तेच राहिले. म्हणून जो विद्यार्थी डब्ल्यूएसडीएलची रचना समजून घेईल, त्याचा वेळ फुकट गेला असे म्हणता येणार नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. लेखाच्या आरंभी ग्रंथालयाचे उदाहरण घेतले ते उगाच नव्हे. ग्रंथालये व संशोधनसंग्रह ह्यांनी आपल्या नोंदी एकमेकांस पुरवाव्यात म्हणून २००१ साली ओएआय-पीएमएच नावाची पद्धती निघाली व २००२ साली तिची २.० ही आवृत्ती आली. तिच्यात अवघे सहा प्रश्न आहेत, आणि प्रत्येकाचे उत्तर एक्सएमएलमध्ये मिळते. त्यांपैकी एक प्रश्न आहे, ‘तू कोण?’ उत्तरात संग्रहाचे नाव, पत्ता, सर्वांत जुन्या नोंदीची तारीख ह्यांबरोबरच आणखी एक गोष्ट सांगावीच लागते : काढून टाकलेल्या नोंदींची खबर हा संग्रह ठेवतो की नाही. कायम ठेवतो, काही काळ ठेवतो, की मुळीच ठेवीत नाही, ह्या तिहींपैकी एक उत्तर द्यावे लागते. हे साधे वाक्य खरोखर एक वचन आहे. जी संस्था ‘कायम’ असे लिहिते, तिने एखादी नोंद गुपचूप नाहीशी केली तर तिला जाब विचारता येतो. करारनामा म्हणावयाचा तो ह्या अर्थाने.

आपल्या देशात परीक्षांचे निकाल, जमिनीचे उतारे, हवामानाच्या नोंदी, शिष्यवृत्त्या, ग्रंथसूची अशी कितीतरी कामे संगणकांच्या परस्पर संवादावर चालू लागली आहेत. नागरिकास पडद्यावर दिसते ते केवळ दर्शनी दालन. खरा व्यवहार मागील दाराने यंत्रायंत्रांत होतो. तो कोणत्या शर्तींवर होतो हे केवळ एका कंत्राटदारास ठाऊक असेल, तर ती संस्था त्या कंत्राटदाराची बांधील झाली असे समजावे. तो निघून गेला की सेवेच्या किल्ल्याही गेल्या. वर्णन प्रसिद्ध असेल तर दुसरा कोणीही जाणकार ते वाचून काम पुढे चालवू शकतो. एखाद्या शाळेतील हुशार विद्यार्थी त्यावरून आपल्या गावाला उपयोगी पडेल असे साधन तयार करू शकतो.

वर्णन उघडे केल्याने सेवा असुरक्षित होईल, अशी भीती काही जण घालतात. परंतु दाराचा पत्ता ठाऊक असणे वेगळे आणि कुलपाची किल्ली हाती असणे वेगळे. कोणास आत येऊ द्यावयाचे हे ओळख पटविण्याच्या व्यवस्थेने ठरवावे. दार कोठे आहे हे लपवून ठेवण्यास संरक्षण म्हणता येत नाही. ज्या नोंदी गोपनीय आहेत त्या गोपनीयच राहाव्यात. त्या मागण्याची रीत गोपनीय असण्याचे कारण नाही.

राहिला भाषेचा प्रश्न, आणि भाषांतराचे काम करणाऱ्यास तो विशेष जवळचा वाटणे स्वाभाविक आहे. डब्ल्यूएसडीएलमध्ये ‘डॉक्युमेंटेशन’ नावाची एक खूण आहे. तिच्या पोटात माणसांसाठी साध्या भाषेत स्पष्टीकरण लिहावयाचे असते, आणि मजकूर कोणत्या भाषेत आहे हे दर्शविण्याची सोय एक्सएमएलमध्ये मुळातच आहे. तरीही पुष्कळ वर्णनांत ही जागा रिकामी सोडलेली आढळते. नागपूरचे स्वालबार्ड होते ते अशाच रिकाम्या जागांमुळे. खुणांची नावे इंग्रजी राहिली तरी चालतील, कारण ती सर्वांनी सारखी वापरावयाची असतात. परंतु ‘ही तारीख अर्ज केल्याची आहे, मंजुरीची नव्हे’, ‘हे क्षेत्र हेक्टरमध्ये आहे, एकरात नव्हे’ अशी वाक्ये मराठीत, तेलुगूत, बंगालीत त्या त्या जागी लिहिण्यास तंत्राची कोणतीही अडचण नाही. अडचण आहे ती सवयीची. तालुक्याच्या गावी ज्याला ह्या माहितीवर काम करावयाचे आहे, त्याला अर्थ त्याच्या भाषेत मिळाला तर चुका निम्म्या वाटेवरच थांबतील.

सारांश, लोकांसाठी सेवा चालविणाऱ्या प्रत्येक संस्थेकडून चार गोष्टींची अपेक्षा करणे अवाजवी होणार नाही. वर्णन कामाच्या आधी लिहावे. ते सर्वांस पाहता येईल असे ठेवावे. बदल करावयाचा झाल्यास नव्या आवृत्तीस नवा क्रमांक द्यावा, आणि जुनी आवृत्ती पुरेशी मुदत देऊनच बंद करावी. आणि प्रत्येक खुणेचा अर्थ निदान एका भारतीय भाषेत लिहावा. ह्यांपैकी एकाही गोष्टीस नवे यंत्र लागत नाही. शिक्षकांनी आपल्या विद्यार्थ्यांकडून शाळेच्या ग्रंथालयाचेच असे वर्णन कागदावर लिहवून घ्यावे : कोणता प्रश्न, कोणते उत्तर, कोणत्या प्रकारची माहिती, आणि पुस्तक हरवले असल्यास काय सांगावयाचे. दोन मुलांची वर्णने एकमेकांशी जुळत नाहीत असे दिसून येईल, आणि ती कोठे जुळत नाहीत ह्याविषयी वर्गात जो वाद होईल, तोच ह्या विषयाचा पहिला पाठ होय.